विल्फ्रेड ओवेनची 'एक्स्पोजर': काहीच न घडणारी युद्धकविता

केतकी_रेडिंग

इथे इंग्लंडमध्ये एक्यूए बोर्डाच्या जीसीएसईला (आपल्या दहावीसारख्या परीक्षेला) सत्ता आणि संघर्ष या सूत्राभोवतीच्या कवितांचा एक गट असतो. त्यात पहिल्या महायुद्धातला इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेनची 'एक्स्पोजर' आहे. मुलीबरोबर वाचायला बसले आणि मीच तिच्यात गुंतले. मुलीच्या वहीत प्रत्येक ओळीपुढे खुणा होत्या: इथे उपमा, इथे चेतनगुणोक्ती, इथे अनुप्रास. खुणा बरोबर होत्या, पण एवढ्या खुणा करूनही कविता हाती लागत नव्हती. माझं म्हणणं असं की या कवितेतली सगळी साधनं मिळून एकच काम करतात. वाचणाऱ्याची अपेक्षा ताणत न्यायची आणि ती पुरी होऊ द्यायची नाही. याच अंगाने चर्चा व्हावी म्हणून धागा काढते आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. ओवेनचा जन्म १८९३ चा, ऑस्वेस्ट्रीचा. मँचेस्टर रेजिमेंटमध्ये सेकंड लेफ्टनंट म्हणून तो जानेवारी १९१७ मध्ये उत्तर फ्रान्समधल्या आघाडीवर पोचला. तो हिवाळा भयंकर कडक होता. ४ फेब्रुवारी १९१७ ला आईला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की आम्ही सगळेच थंडीने मेलो नाही हेच नवल. त्याच्या तुकडीतला एक जण मागे आणेपर्यंत गोठून गेला होता. कविता त्या अनुभवातून आली आणि पुढे तिच्यावर त्याचं काम चालू राहिलं. ४ नोव्हेंबर १९१८ ला साम्ब्र-ओआज कालव्यावरच्या लढाईत तो मारला गेला, वय २५. युद्ध थांबायला एक आठवडा उरला होता. ही कविता त्याच्या मागे, १९२० च्या संग्रहात छापली गेली.

आता बांधणी. आठ कडवी, प्रत्येकात पाच ओळी. पहिल्या चार लांब. उच्चाराने मोजल्या तर बहुतेक बारा ते चौदा अक्षरांच्या. इंग्रजी कवितेत कानाला सवयीची ओळ दहा अक्षरांची, त्यामुळे या ओळी संपता संपत नाहीत. पाचवी मात्र तोकडी, पाच ते सात अक्षरांत तुटते. आठांपैकी चार कडव्यांच्या शेवटी तीच ओळ येते: पण घडत काहीच नाही. एकदा प्रश्न येतो, आपण इथे करतोय तरी काय? आणि मधल्या सलग तीन कडव्यांचा शेवट मरणाच्या शब्दावर होतो.

पहिल्या कडव्यात पूर्वेचे बर्फाळ वारे सुरीसारखे टोचताहेत. रात्र इतकी शांत आहे की त्या शांततेनेच जाग राहते. पहारेकरी कुजबुजताहेत. आता हल्ला होणार असं वाटतं तोच पाचवी ओळ येते. तिसऱ्या कडव्यात पहाट करड्या फौजेसारखी रांगारांगांनी चालून येते, पुन्हा तेच. चौथ्यात तर खरोखर गोळ्या सुटतात आणि तरीही शेवटी घडत काहीच नाही! मला हे चौथं कडवं सगळ्यात धाडसी वाटतं. गोळीबाराला कवी घटना मानायला तयार नाही, कारण बर्फाने काळी झालेली हवा त्या गोळ्यांपेक्षा जास्त जीवघेणी आहे. गोळ्यांची ओळ सकारांनी भरलेली आहे, 'सडन सक्सेसिव्ह फ्लाइट्स ऑफ बुलेट्स स्ट्रीक द सायलेन्स'. मग बर्फ येतो आणि आवाज मऊ पडतो, 'फ्लोइंग फ्लेक्स दॅट फ्लॉक'. गोळ्यांना एक ओळ दिली आहे, बर्फाला तीन. कोण खरा शत्रू आहे ते या वाटणीतच कळतं.

आणि यमक. पहिली ओळ चौथीशी जुळते, दुसरी तिसरीशी. पण जुळते म्हणजे पुरती जुळत नाही. 'वायर' आणि 'वॉर', 'ग्रो' आणि 'ग्रे', 'बर्न' आणि 'बॉर्न', 'क्रिस्प' आणि 'ग्रास्प'. व्यंजनं तीच, स्वर घसरलेला. याला पॅरारहाईम म्हणतात. पाचवी ओळ तर कडव्यातल्या कुणाशीच यमक जुळवत नाही. म्हणजे अर्थातही घडत नाही आणि कानालाही ठिकाणावर पोचू देत नाही.

सातव्या कडव्यापाशी मी अडले आहे. तिथे सैनिक म्हणतात की आम्ही इथे पडून राहिल्याशिवाय घरच्या मायाळू शेकोट्या पेटत्या राहणार नाहीत, म्हणून नाखुशीने नव्हे, आपण होऊन आम्ही इथे आहोत. हे खरं मानायचं का? जाणकारांनी लिहावं.

---

पिंपळपान

केतकी, फार सुंदर लिहिलं आहेस. कविता शोधून दोनदा वाचली आणि मग प्रतिसाद द्यायला बसले.

यमकाबद्दल थोडं. आपल्या कानाला 'दार'ला 'वार' चालतं. 'दार'ला 'दूर' दिलं तर कुणीतरी चुकलं असं वाटतं, हो ना? 'काळ' आणि 'कूळ', 'वार' आणि 'वीर' तसंच. पूर्ण मुक्तछंद असता तर कानाने यमकाची वाटच पाहिली नसती. इथे ओवेन आधी वाट बघायला लावतो, तीही पहिल्या ओळीपासून थेट चौथीपर्यंत, आणि मग भलताच स्वर देतो. लांब ओळींमुळे ही वाट आणखी लांबते. या कडव्यांतला माणूस रात्रभर वाट बघतो आहे आणि कानालाही तेच करावं लागतं.

---

सुभेदार_निवृत्त

साहित्यातलं मला फारसं कळत नाही, पण पहाऱ्यावरचं कळतं. सेवेतले हिवाळे उंचावर काढले आहेत, त्यामुळे काही गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

तिसऱ्या कडव्यातली पहाट समजायची तर स्टँड-टू माहीत हवं. पहिल्या महायुद्धातल्या खंदकांत पहाटे आणि संध्याकाळी सगळ्यांनी हत्यारं घेऊन जागेवर उभं राहायचं असा नेमच होता, कारण हल्ला बहुधा त्याच वेळी होतो. अंधार फिटताना समोरच्या प्रत्येक आकृतीत माणूस दिसतो. म्हणून पहाट फौज घेऊन आली हे वाक्य मला कल्पनेतलं वाटत नाही, डोळ्यांना तसंच दिसतं. आणि रंग बघा, करडा. जर्मन शिपायाचा गणवेश करडाच होता. दिशा बघा. ब्रिटिशांच्या आघाडीवर जर्मन पूर्वेला. वारा पूर्वेचा, पहाट पूर्वेची, शत्रूही पूर्वेचा. ज्याची वाट बघत जागायचं तो येत नाही आणि त्याच बाजूने थंडी येते.

पहिल्या कडव्यात सेलियंट शब्द आहे. सेलियंट म्हणजे आघाडीचा शत्रूच्या बाजूला पुढे घुसलेला भाग. तिथे तीन बाजूंनी मारा होऊ शकतो. प्रकाशगोळे खाली उतरताना सावल्या सरकतात आणि आपली बाजू कुठली, त्यांची कुठली, तेच डोक्यात राहत नाही. कवीने तेही लिहिलं आहे, की त्या उजेडाने आमची आठवण गोंधळते.

दुसऱ्या कडव्यात दूर उत्तरेला तोफा गडगडताहेत आणि त्याला वाटतं, ही कुठल्या तरी दुसऱ्याच युद्धाची अफवा. हे अगदी खरं आहे. आपल्या ठाण्यावर शांतता असली की शेजारच्या खोऱ्यातलं युद्ध आपलं वाटत नाही. सियाचेनवर १९८४ पासून आपले जवान उभे आहेत. तिथे शत्रूच्या गोळीपेक्षा थंडीने, हिमकड्यांनी आणि विरळ हवेने जास्त माणसं गेली. त्या जवानांना ही कविता समजावून सांगावी लागणार नाही.

---

मैत्रेय

सुभेदारसाहेब, तुमचा प्रतिसाद वाचून तिसरं कडवं पुन्हा वाचलं. मनापासून आभार.

---

डॉ_मीरा_कोल्हापूर

मला पाचव्या कडव्याबद्दल लिहायचं आहे. शरीराचं आतलं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की त्याला आम्ही हायपोथर्मिया म्हणतो. सुरुवातीला जोराची थरथर होते. मग विचार गोंधळतात, बोलणं जड होतं, माणूस पेंगुळतो. आणखी खाली गेलं की थरथर थांबते. काहींना तर शेवटी उकडायला लागतं आणि ते अंगावरचे कपडे काढून टाकतात.

आता कवितेचा क्रम बघा. पहिल्या कडव्यात मेंदू दुखतो आहे, आठवण गोंधळते आहे. तिसऱ्यात थरथर आहे, पण कवीने ती पहाटेच्या फौजेला दिली आहे. पाचव्यात बर्फाचे कण बोटांसारखे चेहरे चाचपत येतात आणि मग एकाएकी गवताची चारी, ऊन, अंगावर ओघळणारी फुलं, ब्लॅकबर्डची लगबग. बर्फाच्या पाकळ्या फुलांच्या पाकळ्या झाल्या. 'स्नो-डेझ्ड' वरून 'सन-डोझ्ड' वर येताना यमकाच्या शब्दात फक्त एक स्वर बदलला आणि माणूस थंडीतून उन्हात गेला. मला इथे ते अपुरं यमक लक्षणासारखं वाटतं. शुद्ध एका स्वराएवढी सरकली आहे. त्यानंतर लगेच तो विचारतो, आपण मरतो आहोत की काय? रुग्णाला ऊब वाटायला लागते तेव्हाच डॉक्टरने घाबरायचं असतं, आणि ओवेनने प्रश्न नेमका त्या जागी ठेवला आहे. थंडीने असं उघड्यावर मरण येतं त्यालाही एक्स्पोजरच म्हणतात.

---

वृत्तवेडा

डॉक्टरीणबाई, तुम्ही दाखवलेला क्रम माझ्या लक्षात कधीच आला नव्हता. त्याला धरून पुढचं सहावं कडवं घेतो, कारण यमकाच्या दृष्टीने ते सगळ्यांत वेगळं आहे.

सहाव्यात त्यांची भुतं हळूहळू घरी जातात. विझत आलेल्या निखाऱ्यांवर गडद लाल मण्यांची साय धरली आहे, रातकिडे किणकिणताहेत, निरागस उंदीर मजेत आहेत कारण घर आता त्यांचं आहे. या कडव्यात यमकं कुठली आहेत? 'ग्लोझ्ड' आणि 'क्लोझ्ड'. 'देअर' आणि 'देअर्स'. म्हणजे सबंध कवितेत स्वर घसरत होता तो इथे, घरात आल्यावर, ठिकाणावर बसला! पहिलं तर पुरतं यमक आहे, दुसऱ्यात शेवटच्या एका ध्वनीचाच फरक. बाकीच्या सात कडव्यांत असं एकदाही होत नाही. कान पहिल्यांदाच घरी पोचतो. आणि ते यमक पुरं करणारा शब्द कुठला? बंद. झडपा आणि दारं बंद, आमच्यावर दारं बंद. त्या एका ओळीत तो शब्द दोनदा येतो. नंतरच्या तोकड्या ओळीत ते आपल्या मरणाकडे माघारी वळतात.

इतक्या थंडपणे बांधलेली आणि इतकी दुखवणारी ओळ मी फार कमी वाचली आहे. जे यमक आपण पंचवीस ओळी मागत होतो ते मिळालं, आणि मिळालं ते दार लावून घेण्यासाठी.

शेवटचं कडवं 'अस' आणि 'आइस', 'क्रिस्प' आणि 'ग्रास्प' असं पुन्हा घसरतं. घर मागे पडलं, तसं पुरं यमकही गेलं.

---

आजोळ

वृत्तवेडा, हे वाचून काटा आला. घरातल्यांनी दार मुद्दाम लावलं असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही, म्हणून ते जास्त लागतं. सगळे झोपले असतील. रात्री दार लावतातच. उंदरांना घर मिळालं आणि घरच्या माणसाला नाही.

---

मुक्ता_पुणे

इंग्रजी शिकवते, म्हणून एक संदर्भ जोडते. पहिल्या ओळीतलं 'आवर ब्रेन्स एक' वाचताना त्या काळच्या इंग्रजी वाचकाला कीट्स आठवणारच. कीट्सचं १८१९ चं नाइटिंगेल पक्ष्यावरचं स्तोत्र 'माय हार्ट एक्स' असं सुरू होतं. ओवेनची कीट्सवर विलक्षण भक्ती होती. त्याने ती सुरुवात उचलली आणि दोन बदल केले. 'माझं'च्या जागी 'आमचं', हृदयाच्या जागी मेंदू. कीट्सची गुंगी पक्ष्याच्या गाण्याने येते, ओवेनची थंडीने. कीट्सला मरण सोपं आणि हवंसं वाटून जातं, तर इथे ते खरंच शेजारी बसलं आहे. पाचव्या कडव्यातला ब्लॅकबर्ड मला त्या नाइटिंगेलचा धाकटा भाऊ वाटतो. कीट्सची कविता जागा आहे की झोपेत या प्रश्नावर संपते, ओवेनचं पाचवं कडवं मरतो आहोत का या प्रश्नावर. तेव्हा पाचव्या कडव्यात फक्त थंडीचा भ्रम नाही, कवितेचाही आहे. ज्या कवितांवर तो वाढला तीच फुलं आणि तेच पक्षी त्याला दिसताहेत, आणि त्या क्षणी ते जीवघेणे आहेत.

आणखी एक. सबंध कवितेत 'मी' नाही. ओवेनच्याच 'डल्से एट डेकोरम एस्ट'मध्ये गुदमरणाऱ्या माणसाला पाहणारा 'मी' आहे आणि घरच्या वाचकाला उद्देशून बोलणं आहे. तिथे गॅसचा हल्ला होतो, म्हणजे घटना आहे, म्हणून साक्षीदारही आहे. इथे घटना नाही, तर साक्ष कुणी कशाची द्यायची? 'आम्ही' आणि वर्तमानकाळ एवढंच उरतं. काळ बदलतो तो शेवटच्या कडव्यात. आज रात्री हे हिम या चिखलावर आणि आमच्यावर आवळत जाईल. तो भविष्यकाळ आहे. चिखल आणि आम्ही एकाच दमात.

---

घाटावरचा

चर्चा चांगली चालली आहे, पण मला एका बाबतीत वाद घालायचा आहे. अशा कवितांना आपण सरसकट युद्धविरोधी म्हणून मोकळे होतो. सातवं कडवं तसं म्हणत नाही. तिथे स्पष्ट आहे: दुसऱ्या कुठल्याही मार्गाने मायाळू शेकोट्या पेटणार नाहीत, मुलांवर, शेतांवर, फळांवर खरं ऊन हसणार नाही अशी आमची श्रद्धा आहे. म्हणून आम्ही इथे पडलो आहोत, याचसाठी जन्मलो. ओवेन स्वतः १९१७ मध्ये शेलशॉकने, म्हणजे युद्धाच्या मानसिक आघाताने, क्रेगलॉकहार्टच्या लष्करी रुग्णालयात होता, आणि बरा झाल्यावर १९१८ मध्ये पुन्हा आघाडीवर गेला, मिलिटरी क्रॉस मिळवला. हा माणूस कर्तव्य मानणारा होता. घर राखायला कुणीतरी थंडीत उभं राहायलाच हवं, हे सुभेदारसाहेबही मानतील. हे कडवं आपण उलट अर्थाने वाचलं तर त्या सैनिकांच्या श्रद्धेवर अन्याय होईल असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

---

सुभेदार_निवृत्त

मानतो. उभं राहायलाच हवं. पण घाटावरचा, रात्री तीनला पहाऱ्यावर मनात येतं ते वेगळं आणि सकाळी आपण सांगतो ते वेगळं. दोन्ही खोटं नसतं.

---

केतकी_रेडिंग

घाटावरचा, तुमच्या प्रतिसादावर दोन दिवस विचार केला. सैनिकांची श्रद्धा खोटी आहे असं मीही म्हणणार नाही. पण ते कडवं ज्या रीतीने लिहिलं आहे ती बघू या.

बाकीच्या सात कडव्यांत फक्त दिसणं, ऐकणं, भास, प्रश्न. सातवं एकटंच युक्तिवाद करतं. ज्याअर्थी, त्याअर्थी, म्हणून, म्हणून. वाक्यं वकिलाच्या अर्जासारखी जोडलेली आहेत. आणि नेमकी तिथेच भाषा सगळ्यांत अवघड होते. देवाच्या अजिंक्य वसंतासाठी आमचं प्रेम भयभीत झालं आहे, या ओळीचा अर्थ कितीही वेळा वाचला तरी दोन बाजूंना ओढतो. वसंत येणारच असेल, अजिंक्य असेल, तर त्याच्यासाठी प्रेमाने भ्यायचं कशाला? म्हणून मला वाटतं की 'म्हणून' हा शब्द तिथे आहे, पण त्याच्या आधीचं आणि नंतरचं एकमेकांना धरत नाही. यमकही ऐका. 'फ्रूट' आणि 'अफ्रेड'. सबंध कवितेतली मला सर्वांत सैल वाटणारी जोडी. जिथे श्रद्धा सांगायची तिथेच जोड सुटते.

आणि मग शेवटची ओळ: देवाचं प्रेम मरताना दिसतं आहे. देवाचं आमच्यावरचं, की आमचं देवावरचं? दोन्ही अर्थ उभे राहतात आणि कवी निवाडा करत नाही. शिवाय 'मरतं आहे' असं तो ठामपणे म्हणत नाही, तसं दिसतं आहे म्हणतो. नास्तिक माणूस असं लिहिणार नाही. ओवेन युद्धाआधी डन्सडेन इथे पाद्रीसाहेबांचा मदतनीस म्हणून राहिला होता. ते गाव माझ्या घरापासून गाडीने थोड्याच अंतरावर आहे. आधी ते मनापासून मानलेलं असल्याशिवाय ही ओळ लिहिता येत नाही.

त्या शेकोट्यांबद्दलही. १९१४ मध्ये एक गाणं ब्रिटनभर गाजलं होतं, घरातल्या शेकोट्या पेटत्या ठेवा, पोरं परत येईपर्यंत. ओवेनच्या वाचकांच्या कानात ते होतं. सहाव्या कडव्यात पोरं परत येतात, निखारे विझत आलेले आहेत आणि दार बंद आहे. त्याच्या लगेच पुढे सातव्यात त्याच शेकोट्यांसाठी मरायची कबुली येते. क्रम उलटा असता, आधी श्रद्धा आणि मग बंद दार, तर ती फसवणुकीची गोष्ट झाली असती. इथे दार बंद दिसल्यावरही ते म्हणतात, आम्ही याचसाठी आहोत. म्हणून तुमचं म्हणणं मला अर्धं पटतं. श्रद्धा खरी आहे. ती श्रद्धा धरून ठेवायला आता काही उरलेलं नाही, हेही खरं आहे. युद्धविरोधी हा शब्द मला या कवितेला लहान वाटतो.

---

घाटावरचा

हा क्रमाचा मुद्दा मला मान्य. दार आधी, श्रद्धा नंतर. मी ते कडवं सुटं काढून वाचत होतो. तरी 'नाखुशीने नव्हे' हे शब्द माझ्यासाठी जड आहेत आणि राहतील.

---

शाहीर_सातारा

आमच्याकडे युद्धाचं काव्य म्हणजे पोवाडा. पोवाड्यात घडणं हेच सगळं. कुणी विडा उचलला, कोण दोर लावून चढला, कुणाचा हात तुटला, गड कसा आला. शाहीर 'जी जी' म्हणायला लावून ऐकणाऱ्याला त्या घडण्यात ओढतो. ध्रुवपद आलं की जोर वाढतो. ओवेनने ध्रुवपद हेच हत्यार घेतलं आणि उलट्या कामाला लावलं. ते परत येतं तेव्हा कवितेतली हवा निघून जाते. मी प्रयोग म्हणून मोठ्याने म्हणून बघितलं. चौथ्या कडव्याच्या शेवटी आवाज चढवताच येत नाही. पोवाडा सभेत उभं राहून म्हणायचा असतो, ही कविता आडव्या पडलेल्या माणसांची आहे.

ओवेनच्या आघाडीवर त्या हिवाळ्यात आपलं पायदळ नव्हतं. लाहोर आणि मेरठ डिव्हिजन १९१४-१५ चा हिवाळा फ्रान्समध्ये काढून १९१५ च्या अखेरीस मेसोपोटेमियाकडे (आजच्या इराककडे) गेल्या होत्या. फ्रान्समध्ये राहिलं ते भारतीय घोडदळ. पण काही न घडता मरणं आपल्या पलटणींनीही पाहिलं. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत सुटकेची वाट बघत, उपासमारीत. त्यावर कुणी पोवाडा केल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. शाहिराला त्यात घडलेलं काय सापडणार?

---

पिंपळपान

शाहीर, शेवटचा प्रश्न मनात रुतला. आपल्या काव्यपरंपरेत वाट बघण्याला जागा आहे, पण ती विराण्यांत, ओव्यांत, बायकांच्या गाण्यात. पुरुषाने रणात वाट बघत बसायचं याला आपल्याकडे काव्यप्रकारच नाही.

---

अकरावी_कला

नमस्कार, मी विद्यार्थी आहे. आमच्या इंग्रजीच्या पेपरात अशा कवितेचं रसग्रहण येतं. साधनं ओळखता येतात, पण 'परिणाम काय' हे लिहिताना मी अडकतो. प्रत्येक वेळी 'वाचकाच्या मनात चित्र उभं राहतं' एवढंच सुचतं. कृपया मार्गदर्शन करावं.

---

मुक्ता_पुणे

बाळा, 'चित्र उभं राहतं' हे वाक्य कुठल्याही कवितेला चालतं, म्हणून ते परीक्षकाला काहीच सांगत नाही. हेच साधन काढून टाकलं असतं तर या कवितेचं काय बिघडलं असतं, ते स्वतःला विचार आणि त्याचं उत्तर लिही.

पहाट फौजेसारखी आली, ही चेतनगुणोक्ती. ती नसती तर पहाट म्हणजे सुटका वाटली असती, कारण एरवी कवितेत पहाट आशा घेऊन येते. इथे ती शत्रूचा गणवेश घालून येते, म्हणून रात्र संपूनही सुटका नाही. हा झाला परिणाम. दुसऱ्या कडव्यात तारांवरचा वारा हा काट्यांत अडकून तडफडणाऱ्या माणसांसारखा वाटतो, ही उपमा. तिथे प्रत्यक्षात माणसं नाहीत, फक्त वारा आहे. पण पहाऱ्यावरच्याने तशी माणसं आधी पाहिली आहेत, म्हणून त्याला वाऱ्यात तीच दिसतात. म्हणजे उपमेतून त्याचा भूतकाळ कळला. अनुप्रासाबद्दल केतकीने वर सांगितलंच आहे: गोळ्यांचा सकार आणि बर्फाचा फकार यांची तुलना लिही, नुसती नावं लिहू नकोस.

बांधणीवर एक तरी परिच्छेद हवाच. पाचवी तोकडी ओळ कुठे बदलते आणि कुठे परत येते ते दाखव. आणि सगळी आठ कडवी घ्यायचा हट्ट धरू नकोस, तीन नीट घे. मी असते तर चौथं, सहावं आणि आठवं घेतलं असतं.

---

अकरावी_कला

खूप आभार मॅडम. आठवं का, ते सांगाल का? मला त्यात पुरणाऱ्या तुकडीचे डोळे बर्फ झाले एवढंच कळलं.

---

मुक्ता_पुणे

पुरणाऱ्यांचेच का? पुन्हा वाच. प्रेतं पुरायला आलेली तुकडी, थरथरत्या हातांत कुदळी-फावडी, अर्धवट ओळखीच्या चेहऱ्यांवर ती थबकते. मग पूर्णविराम. मग 'त्या सगळ्यांचे डोळे बर्फ आहेत.' कुणाचे? मेलेल्यांचे असू शकतात, गोठलेले. पुरणाऱ्यांचेही असू शकतात, काही न वाटणारे किंवा गोठत चाललेले. व्याकरण दोन्हीला वाट देतं. उद्या हेच पुरणारे खड्ड्यात असतील, म्हणून दोन्ही मिळून एकच गट होतो. दोन्ही अर्थ लिही, त्यातला एक खोडू नकोस.

आणि मग चौथ्यांदा ती ओळ. पहिल्या कडव्यात तिचा अर्थ होता हल्ला झाला नाही. तिसऱ्यात उजाडलं तरी काही बदललं नाही. चौथ्यात गोळ्या आल्या तरी काही नाही. आठव्यात माणसं मेली आहेत, पुरली जात आहेत, आणि तरी काही घडलेलं नाही, म्हणजे युद्धाच्या हिशेबात याची नोंद होणार नाही. शब्द जसेच्या तसे, अर्थ चार. उत्तरपत्रिकेत हे चार अर्थ क्रमाने मांडलेस तर बांधणीचा परिच्छेद झाला.

---

वृत्तवेडा

यात एक पुरवणी. सहाव्या आणि सातव्या कडव्यात 'घडत नाही' येतच नाही, तिथे मरण आहे. म्हणजे माणसाच्या आत घडत होतं: घरी जाऊन येणं, दार बघणं, श्रद्धा तपासणं. आठव्यात कविता पुन्हा बाहेर येते, आणि बाहेरून बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

---

केतकी_रेडिंग

वृत्तवेडा, सहाव्या कडव्यातलं यमक मुलीला दाखवलं. तिने वहीत 'क्लोझ्ड'भोवती पेन्सिलने गोल केला आणि समोर लिहिलं, 'इथेच जुळतं.'

सगळ्यांना विनंती: याच कवीची 'स्प्रिंग ऑफेन्सिव्ह' पुढच्या धाग्यात घ्यावी का? तिच्यात हल्ला खरोखर होतो, ऊन आहे, गवत आहे, बटरकपची फुलं आहेत, आणि टेकडीच्या माथ्यावर गेल्यावर आभाळच पेटतं. 'एक्स्पोजर'मध्ये जे होत नाही ते सगळं तिथे आहे. सुभेदारसाहेब, टेकडी चढून उघड्यावर येण्याबद्दल तुम्ही लिहावं अशी इच्छा आहे.

---

सुभेदार_निवृत्त

काढा धागा. वाचून ठेवतो.